बोटीवर गेलेले आजोबा शोधताना



आपल्या किनाऱ्यावर अशी कितीतरी घरं आहेत, जिथे माजघरात एका पुरुषाचा फोटो असतो, फोटोला हार असतो, पण तो माणूस कुठल्या दिवशी गेला हे घरात कुणालाच सांगता येत नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. मुसलमान घरांत त्याच्या नावाने फातिहा होते, पण त्याची कबर कुणी पाहिलेली नसते. विचारलं की उत्तर एवढंच मिळतं, "ते बोटीवर होते. तिकडेच गेले."

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एकीने मला विचारलं, "ताई, ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी गेलेला माणूस आता कागदावर सापडेल का?" मी म्हटलं, सापडू शकतो. नक्की सापडेल असं मी सांगणार नाही. पण कुठे बघायचं आणि कशाच्या आधाराने बघायचं, ते आज सांगते. माझ्या आईच्या वडिलांचा शोध घेताना मी बरीच उलटसुलट चालले, तेवढी तुमची पायपीट वाचेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याला वाटतं, गरीब खलाशाची कोण कशाला नोंद ठेवणार? पण इंग्रजांच्या बोटीवर माणूस मेला तर कप्तानाला ते रोजनिशीत लिहावंच लागायचं. त्याचा राहिलेला पगार किती, त्याच्या पेटीत काय सामान होतं, याची यादी करावी लागायची आणि ते सगळं बंदरावरच्या शिपिंग मास्तरच्या हवाली करावं लागायचं. माणसाची किंमत होती म्हणून हे नव्हतं, हिशेब चुकता करायचा होता म्हणून होतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आपल्या खलाशाला गोऱ्या खलाशाच्या पगाराचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा मिळत होता. पण हिशेब पक्का होता, आणि त्या हिशेबामुळेच आज आपल्याला नाव सापडतं.

मात्र त्या कागदांपर्यंत पोचायचं तर सुरुवात लंडनपासून नाही, घरापासून करायची. आणि घरातही पुरुषांपासून नाही, म्हाताऱ्या बायकांपासून. पुरुष सांगतात, "आमचे आजोबा मोठे सारंग होते." बायका सांगतात, बातमी आली तेव्हा अंगणात काय वाळत घातलं होतं, कोण पत्र वाचून दाखवायला आलं, कुठला सण जवळ आला होता. शोधाला उपयोगी पडतं ते हे दुसरं.

माझी आजी नेहमी म्हणायची, "ते तिळव्याला गेले." आम्ही लहानपणी समजायचो, संक्रांतीला गेले. तिळवा म्हणजे तिळाचा लाडू, दुसरं काय समजणार? शिवाय बातमीही म्हणे संक्रांतीच्या सुमारासच आली होती, त्यामुळे सगळं जुळत होतं. चाळीस वर्षं आम्ही तेच धरून चाललो. मग एकदा मी जुन्या बोटींची यादी वाचत होते आणि त्यात नाव दिसलं, 'टिलावा'. ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट. आजी बरोबरच सांगत होती, ऐकायला आम्ही चुकलो.

म्हणून सांगते, बोटीचं नाव म्हणून घरात जे काही सांगितलं जातं ते फेकून देऊ नका. कंपन्यांनी बोटींना आपल्याकडची नावं दिली होती, त्यामुळे घोळ फार होतो. पी अँड ओ कंपनीच्या रांची, राजपुताना, रावळपिंडी अशा बोटी होत्या. ब्रिटिश इंडियाची करंजा होती, खंडाला होती. "आजोबा रांचीला होते" असं कुणी म्हणालं तर ते बिहारात कोळशाच्या खाणीवर गेले असं समजून बसाल. "करंज्याला गेले" म्हणजे उरणचं करंजा की बोट, हे विचारून घ्या. म्हातारीला एवढंच विचारायचं, "त्या गावाहून पत्र आलं होतं का? पत्त्यात काय लिहायचात?"

बोलणं झालं की पेटी उघडा. पत्रं, मनीऑर्डरीचे तुकडे, गणवेशातला फोटो. फोटोच्या मागे छायाचित्रकाराचा शिक्का असतो, त्यावरून बंदर कळतं. टोपीच्या पट्टीवर किंवा बनियनवर कधीकधी कंपनीचं किंवा बोटीचं नाव असतं. भिंग लावून वाचा.

मग तलाठ्याकडे. हे ऐकून पुष्कळ जणी हसतात, बोटीवरच्या माणसासाठी तलाठी कशाला? तर जमिनीसाठी. घरची थोडी जरी जमीन असली तरी माणूस मयत झाल्यावर वारस लावावे लागतात, आणि ती नोंद फेरफार वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये होते. जुनी फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल म्हणून मागता येते. आमच्या फेरफारीत माझ्या आईचं नाव होतं आणि त्यापुढे 'अ. पा. क. आई' अशी अक्षरं होती. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान नाही, सांभाळ करणारी आई आहे. माणूस कधी मेला हे तिथे नेमकं नव्हतं, पण नोंद १९५० सालची होती. बातमी आली त्याला तोवर सात वर्षं उलटली होती. ज्याची सात वर्षं काही खबर नाही तो मेला असं मानायची कायद्यात तरतूद आहे, पुरावा कायद्यात १८७२ पासून. समुद्रात गेलेल्या माणसाचं प्रेत नसतं, दाखला नसतो, आणि बाईला सात वर्षं ना इकडे ना तिकडे राहावं लागतं. आजीने ती सात वर्षं कुंकू लावलं की नाही, हे मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला आठवतं तेव्हापासून एक दिवस लावायची, एक दिवस नाही."

असो. आता नावाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात.

बोटीच्या कागदावर आडनाव बहुतेक वेळा नसतंच. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच. म्हणजे तुम्ही आडनावाने शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. दुसरं, गोऱ्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. धोंडू, पांडू, बाबू या नावांच्या शेवटी 'यू' नसून दोन 'ओ' असतात. लक्ष्मणमध्ये 'एक्स' असतो आणि पुढे काहीही असू शकतं. सखारामची सुरुवात 'एस-यू-दोन सी' अशीही सापडते. इब्राहिम 'आय'ने नाही तर 'ई'ने सुरू होतो. एका नावाची सात-आठ स्पेलिंगं वहीत लिहून काढा आणि एकेक करून टाकून बघा. कंटाळवाणं काम आहे, दुपारी निवांत बसून करायचं.

नावापुढे हुद्दा असतो, तोही समजून घ्या. सारंग म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम, त्याच्या हाताखाली टंडेल, मग कसाब म्हणजे सामानाच्या कोठाराची जबाबदारी असणारा, सुकाणी म्हणजे सुकाणू धरणारा, आणि मग साधे खलाशी, ज्यांना इंग्रज लास्कर म्हणत. इंजिनाखाली आग धगधगत ठेवणारा तो आगवाला. साफसफाई करणारा तो टोपास. आणि भंडारी. आपल्याकडे भंडारी म्हटलं की जात डोळ्यापुढे येते, पण बोटीच्या कागदावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी. एका घरी यावरून चांगलंच भांडण झालेलं मला ठाऊक आहे, आमचा माणूस भंडारी नव्हेच म्हणून त्यांनी सापडलेला कागद परत ठेवून दिला होता! सारंग आणि तांडेल ही तर आज आडनावंच झाली आहेत.

साधारणपणे मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींवर डेकची माणसं रत्नागिरीपासून दमण-काठेवाडपर्यंतच्या किनाऱ्यावरची असत, इंजिनात पंजाब आणि सरहद्दीकडची, आणि खानपान सांभाळणारे गोवेकर. गोव्याच्या माणसाचा माग काढायचा असेल तर मुंबईतली कुडं विसरू नका. धोबीतलाव, माझगावकडे गोव्याच्या गावागावांच्या कुडी होत्या, बोट लागेपर्यंत खलाशी तिथे राहायचे.

गावाचं नाव शोधताना जिल्हा जपून लावा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधीचा मालवणचा किंवा वेंगुर्ल्याचा माणूस कागदावर रत्नागिरीचाच असणार. रायगड तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही तर संस्थानं होती.

एवढी तयारी झाली की मग एक प्रश्न, माणूस युद्धात गेला की एरवी? कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

युद्धातला रस्ता सोपा आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था १९१७ पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवते. तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७, या काळातले मृत्यू तिथे धरतात. पण व्यापारी बोटीवरचा खलाशी असेल तर तो युद्धाच्या कारणाने मेलेला असावा लागतो. पाणतीर लागला, सुरुंग लागला, बाँब पडला, तर त्याचं नाव असतं. त्याच वर्षी बोटीवर तापाने गेला तर बहुधा नसतं.

आणि इथे तुम्हाला एक युक्ती सांगते. शोधायच्या पानावर जादा माहितीसाठी एक रकाना असतो. नावाने सापडत नसेल तर त्या रकान्यात गावाचं नाव टाका, नाहीतर बायकोचं नाव टाका. अनेक नोंदींत 'अमुकचा मुलगा, अमुकीचा नवरा, राहणार अमुक गाव, रत्नागिरी' असं लिहिलेलं असतं. मी आजोबांची सगळी स्पेलिंगं टाकून थकले होते. शेवटी आजीचं नाव टाकलं, आणि एकच ओळ आली. आजोबांच्या नावात तीन चुका होत्या. आजीचं नाव मात्र बरोबर होतं. जिला सही येत नव्हती, जिचं नाव फेरफारीतही पालनकर्ती आई एवढंच होतं, तिचं नाव परक्या देशातल्या यादीत ठीक लिहिलेलं. बातमी घेऊन आलेल्या कागदावर तिने अंगठा दिला असेल, तिथून ते गेलं असणार, असं आपलं मी समजते.

आपल्या खलाशांची स्मारकं कुठे आहेत हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. लंडनला टॉवर हिलपाशी व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे, तिथे आपल्या माणसांना शोधू नका. आपली नावं मुंबईतच आहेत, मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांवर नावांची वही आहे, तिची एक प्रत मुंबईला आणि दुसरी चितगावला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. आमच्या गावातून मुंबईला रोज एसटी जाते आणि आम्ही ऐंशी वर्षं विचारत होतो, त्यांचं नाव कुठे असेल?

टिलावाबद्दल थोडं सांगते. बोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघाली, मोंबासा, लोरेन्सो मार्क्स म्हणजे आताचं मापुटो, आणि डर्बन. कामधंद्यासाठी आफ्रिकेला जाणारी कुटुंबं तिच्यावर होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे सेशेल्स बेटांच्या ईशान्येला जपानी पाणबुडीने तिला पाणतीर मारला, पुन्हा दुसरा मारला. साडेनऊशे माणसांपैकी २८० गेली. उरलेल्यांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेने मुख्यतः उचललं आणि २७ तारखेला मुंबईला आणलं. त्या बोटीत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची चांदी होती, २३६४ विटा. २०१७ मध्ये ती समुद्राच्या तळातून वर काढली आणि तिचा खटला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये निकाल लागला. पहिल्या युद्धातही असंच. मुंबईकडे येणारी पी अँड ओची पर्शिया ३० डिसेंबर १९१५ ला क्रीट बेटाच्या दक्षिणेला काही मिनिटांत बुडाली, ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. कपूरथळ्याचे महाराज मार्सेलिसलाच उतरले होते म्हणून वाचले, पण त्यांची जवाहिरं बोटीतच राहिली. २००३ साली लोकांनी खोल समुद्रातून माणकं वर आणली. चांदीमाणकांसाठी एवढा शोध घेता येतो, तर आपण आपल्या माणसासाठी दोन दुपारी घालवायला हरकत नाही.

आता युद्धाशिवाय गेलेल्यांचं. हा रस्ता लांबचा आहे आणि दरवेळी शेवटाला जातोच असं नाही. ब्रिटिश बोटींवर समुद्रात झालेल्या मृत्यूंची रजिस्टरं १८९१ पासून १९७२ पर्यंतची लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात नाव, वय, हुद्दा, बोट, तारीख, मृत्यूचं कारण असतं. बोटीवरच्या माणसांच्या याद्या वेगळ्या. १८६१ ते १९३८ या काळातल्या याद्यांपैकी दहावा हिस्सा क्यूला ठेवला, पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या बहुतेक ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि उरलेल्या सत्तर टक्के थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात. १९१५ सालच्या याद्या संगणकावर फुकट बघायला मिळतात, तुमचा माणूस त्या साली बोटीवर असेल तर नशीब समजा. या याद्या बोटीच्या नावाने नाही तर बोटीच्या अधिकृत क्रमांकाने लावलेल्या आहेत, म्हणून आधी नावावरून क्रमांक काढायचा. आणि एक वाईट बातमीही सांगून ठेवते. आपल्या खलाशांचा करार पुष्कळदा वेगळ्या कागदावर मुंबईतच व्हायचा, त्यामुळे गोऱ्यांची नावं असलेल्या यादीत आपल्यांची जागा रिकामी दिसते. तसं झालं तर तुमचा माणूस नव्हताच असं समजू नका.

परदेशी बंदरात उतरून दवाखान्यात गेलेला माणूस त्या शहराच्या मृत्यू नोंदीत शोधायचा. लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो ही मुख्य ठिकाणं. त्यासाठी शहर आणि साधारण वर्ष तरी हवं.

घाटावरच्या मैत्रिणी ऐकत असतील, त्यांची माणसं बोटीवर नाही तर पलटणीत गेली. त्यांनाही वॉर ग्रेव्हज कमिशनच. फक्त हे ध्यानात ठेवा की इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावं कोरली, साध्या शिपायांची कोरली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा घातला. नाव दगडावर नसलं तरी नोंदीत शोधता येतं.

एक धोका सांगते. असा शोध सुरू केलात की कुणीतरी येऊन म्हणेल, आजोबांचे पैसे इंग्लंडमध्ये पडून आहेत, अर्जाला एवढे भरा. भरू नका. नाव शोधणं फुकट आहे आणि नोंदीतली चूक दुरुस्त करून मागायलाही कमिशन पैसे घेत नाही.

आणि ज्यांचे नवरे, मुलगे आज बोटीवर आहेत त्यांनी आजच एक वही करा. त्याचा सीडीसी क्रमांक, इन्डॉस क्रमांक, बोटीचं नाव, बोटीचा आयएमओ क्रमांक, कारण बोटीचं नाव आणि झेंडा बदलतो पण तो क्रमांक बदलत नाही, मुंबईतल्या एजंट कंपनीचं नाव आणि तिचा परवाना क्रमांक. कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मोबाईलमध्ये नको, वहीत लिहा. मोबाईल त्याच्याबरोबर बोटीवर जातो.

तारीख कळल्यावर आमच्या घरी एक नवीनच प्रश्न आला. भटजींना विचारलं, जुन्या पंचांगात बघून तिथी सांगा. त्यांनी बघितलं. २२ नोव्हेंबर १९४२, त्रिपुरी पौर्णिमा, आणि बोट बुडाली ती पौर्णिमा उलटता उलटता. आता श्राद्ध त्या तिथीला करायचं, असं मामांनी ठरवलं. आई काही बोलली नाही. या वर्षी त्रिपुरीला देवळात दिवे लागले तेव्हा तिने एक पणती वेगळी काढून बंदराच्या बाजूच्या पायरीवर ठेवली. आणि त्याआधी भाद्रपदात, सर्वपित्रीलाही, पान वाढलंच होतं. मी म्हटलं, आता कशाला, तिथी मिळाली की. तर म्हणाली, "तुझ्या आजीने वाढलेलं पान आहे ते. ते कसं बंद करू?"